गाणे शेवटच्या सतरंजीपर्यंत पोचावे

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या सभेत एखाद्या थोर विषयावर बोलावे असा प्रघात आहे. आपल्या चिटणीसबाईंनी मात्र मला अगदी घरगुती विषय नेमून दिला. मंडळाच्या शिलकीतून यंदा माईक आणि स्पीकर यांचा एक लहानसा संच घ्यावयाचा आहे. तो कसा निवडावा, हे सर्वांना कळेल अशा भाषेत सांगा, अशी त्यांची आज्ञा झाली. मी पुष्कळ वर्षे मुलींना पदार्थविज्ञान शिकवले आणि घरी पेटीही वाजवीत आले, म्हणून हे काम माझ्याकडे आले असावे.

विषय दिसतो लहान, पण त्यात आपले पुष्कळ काही गुंतलेले आहे. आपल्या कार्यक्रमाला येणाऱ्या आजीबाई कोठे बसतात ते पाहा. त्या पुढे बसत नाहीत. खाली बसून उठताना आधार लागतो, म्हणून त्या मागच्या भिंतीशी सतरंजीवर टेकून बसतात. म्हणजे ज्यांचे कान सर्वांत मंद, त्याच गाण्यापासून सर्वांत लांब. दोनतीनदा काही ऐकू आले नाही की त्या येणे बंद करतात, आणि विचारले तर म्हणतात, ‘गुडघे दुखतात ग.’ दुसरीकडे आपल्या तरुण मुलींपैकी कोणी गिटार वाजवू लागली आहे. तिची बोटे तारांवर फिरताना दिसतात, पण टाळ आणि पेटीच्या गजरात तिचा एकही सूर कानी पडत नाही. तीही मग पुढच्या खेपेला वाद्य घरी ठेवून येते. एका बाजूची आजी आणि दुसऱ्या बाजूची नात, या दोघींना धरून ठेवावयाचे असेल, तर हा संच विचाराने घेतला पाहिजे.

गिटार आपल्याला आता परके राहिलेले नाही. ब्रिजभूषण काबरा यांनी ते आडवे ठेवून त्यावर रागदारी वाजवली, आणि शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ सालची ध्वनिमुद्रिका पुष्कळ घरांत आवडीने ऐकली गेली. तेव्हा भजनाच्या बैठकीत गिटार आले तर नाके मुरडण्याचे कारण नाही. मात्र ते हळू बोलणारे वाद्य आहे आणि बैठकीत त्याला ऐकू येईल अशी जागा करून द्यावी लागते.

आधी बिनपैशाचे उपाय

माईकची गरज खरोखर आहे का, हे प्रथम पाहावे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले, तेव्हा रंगभूमीवर माईक नव्हता. आवाज कमावलेला होता आणि नाट्यगृहे तो आवाज पोचावा अशा बेताने बांधीत. आपल्या विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) खंजिरीवर भजन म्हणत. खंजिरीचा नाद बारीक आणि तुटक असतो. तो शब्दाच्या अंगावर पडत नाही. साथीचे वाद्य कसे असावे याचा हा चांगला धडा आहे.

आपले आवाज बालगंधर्वांचे नाहीत हे खरे, पण वीसपंचवीस माणसांच्या बैठकीला यंत्र लागू नये. त्यासाठी चार गोष्टी कराव्यात. गाणाऱ्या बाईने भिंतीकडे पाठ करून बसावे, म्हणजे मागे जाणारा आवाज भिंतीवरून पुढे येतो. श्रोत्यांनी लांबट ओळींऐवजी अर्धगोल करून जवळ बसावे. गाणे चालू असता डोक्यावरचा खडखडणारा पंखा मंद करावा. पंख्याची घरघर गिटारचा निम्मा आवाज खाते. आणि खोली उघड्याबोडक्या भिंतींची, फरशीची किंवा पत्र्याच्या छपराची असेल, तर सतरंज्या अंथराव्यात व एकदोन भिंतींवर जाड पडदे किंवा गोधड्या सोडाव्यात. अशा खोलीत आवाज घुमतो, एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर चढते. घुमणाऱ्या खोलीत यंत्र लावले तर गोंधळच मोठा होतो.

वाद्यांचाही मेळ घालावा. टाळ, पेटी आणि तबला ही मुळात खणखणीत वाद्ये आहेत. गिटार ऐकू येत नाही म्हणून त्याचा आवाज यंत्राने चढवीत बसण्याआधी टाळ एका जोडीवर आणावेत आणि पेटीचा भाता हलका ठेवावा. आमटीत मीठ जास्त झाले तर कोणी साखर ओतून भरपाई करीत नाही, तसेच हे.

एवढे करूनही पन्नाससाठ माणसांच्या खोलीत, किंवा कोजागरीला अंगणात, शब्द मागे पोचत नाहीत. तेथे संच हवाच.

वॅटची भूल

दुकानात गेल्यावर पहिला शब्द कानावर पडतो तो वॅट. आपल्या कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन संच वीज निर्माण करतात. वॅट हा शब्द इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. म्हणूनच या शब्दाने आपण फसता कामा नये. वॅट दुप्पट केले तर आवाज केवळ ३ डेसिबलने चढतो, आणि ती वाढ कानाला जेमतेम जाणवते. कानाला आवाज दुप्पट वाटावा, तर वॅट सुमारे दहापट लागतात. म्हणजे ५० वॅटऐवजी १०० वॅटची पेटी घेतली म्हणून गाणे दुप्पट मोठे होत नाही. ओझे आणि किंमत मात्र वाढते.

याउलट अंतराचा हिशेब पाहा. गाणाऱ्या बाईच्या तोंडापासून माईक एक वीत दूर असेल आणि तो अर्ध्या वितीवर आणला, तर माईकमध्ये शिरणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. एवढी वाढ वॅटने मिळवावयाची तर चौपट वॅट विकत घ्यावे लागतील. येथे ती मान थोडी पुढे केल्याने फुकट मिळते. आपल्या भगिनी संकोचाने माईकपासून दूर सरकतात, आणि मग यंत्र कुचकामी आहे असे आपण म्हणतो. तेव्हा संच घेण्याआधी माईकशी बोलण्याचा संकोच सोडणे, ही पहिली खरेदी समजावी.

खोक्यावर हजारांच्या आकड्यात ‘पी.एम.पी.ओ.’ वॅट छापलेले असतात. त्या आकड्याला काही अर्थ नाही. ‘आर.एम.एस.’ वॅट किती, असे विचारावे. आपल्या खोलीला ५० ते १०० आर.एम.एस. वॅट पुष्कळ झाले.

कोणता संच

बिछायत केंद्रातून भाड्याने येतो तो पत्र्याचा कर्णा. मैदानात सूचना द्यावयाला तो चांगला. शब्द लांब फेकतो. पण खर्जाचे स्वर त्याच्या घशातून बाहेर पडत नाहीत. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते. कर्ण्यातून ती ऐकली तर पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी वाटते. वरातीच्या धुमालाबरोबर येतात तसल्या अवजड पेट्याही आपल्या कामाच्या नाहीत. त्या छातीत धडधड उठवतात आणि शब्द बुडवतात. महालक्ष्मी जगदंबेच्या देवस्थानात नवरात्राच्या गर्दीसाठी जे लागते, ते आपल्या खोलीला लागत नाही.

आपल्याला हवी आहे ती एक आटोपशीर पेटी. तिच्यात वर्धक आणि स्पीकर एकत्र असावेत आणि निदान दोन वाटा असाव्यात, एक माईकची आणि एक गिटारची. प्रत्येक वाटेला आवाजाचे वेगळे बटण, तसेच खर्ज आणि तार सप्तकाचे वेगळे बटण असावे. दुकानात ‘अकूस्टिक गिटारचा अॅम्प्लिफायर’ म्हणून मागितले तर असल्या पेट्या दाखवतात. एक भगिनी उचलू शकेल एवढेच तिचे वजन असावे. बॅटरीवर चालणारी मिळाली तर कोजागरीच्या अंगणात तारा ओढाव्या लागणार नाहीत. विजेच्या गावात बॅटरी कशाला, असे कोणी म्हणेल; पण पहिल्या पावसाच्या वाऱ्यात तार तुटते तेव्हा गावाचे नाव उपयोगी पडत नाही.

मोबाईलवरची गाणी बिनतारी वाजवणारे रंगीत दिव्यांचे स्पीकर आजकाल घरोघरी आहेत. त्यांतून तयार गाणी खुशाल ऐकावीत. पण समोर बसून गाणाऱ्या बाईचा आवाज ब्लूटूथवरून पाठवला तर तो क्षणभर मागे पडतो. ओठ हलतात आणि शब्द उशिरा येतो, त्यामुळे ताल चुकतो. जिवंत गाण्याला तारच बरी.

माईक

माईकचे मुख्य प्रकार दोन. एक ‘डायनॅमिक’ आणि दुसरा ‘कंडेन्सर’. कंडेन्सर फार हळवा असतो. तो बारीक आवाजही टिपतो, पण त्याबरोबर पंखा, पोराची किरकिर आणि रस्त्यावरची मोटारही टिपतो. शिवाय त्याला बहुधा ४८ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो. डायनॅमिक माईक रांगडा, हातून पडला तरी सहसा बिघडत नाही आणि जवळचे तेवढेच ऐकतो. ‘शुअर’ कंपनीचा एस.एम. ५८ हा या जातीचा माईक १९६६ साली निघाला आणि आजही जगभर गाण्याच्या कार्यक्रमांत दिसतो. तोच घ्यावा असे नाही. ‘आहुजा’सारख्या आपल्या देशी कंपन्यांचेही डायनॅमिक माईक मिळतात. मात्र तो पुढून ऐकणारा आणि पाठीमागून बहिरा, म्हणजे ‘कार्डिऑइड’ जातीचा आहे, याची खात्री करून घ्यावी. पाठीमागचा हा बहिरेपणा किती उपयोगाचा आहे ते पुढे सांगते.

दोन माईक घ्यावेत. एक गाणाऱ्या बाईला आणि दुसरा निवेदनाला. पेटी-तबल्याला माईक लावू नये. ती वाद्ये आपली आपण ऐकू येतात.

गिटारचा आवाज कसा घ्यावा

काही गिटारांच्या पोटात बनवतानाच ‘पिक-अप’ बसवलेला असतो. बहुतेक वेळा तो तारांच्या घोडीखाली असतो आणि तारांची थरथर विजेत बदलतो. असे गिटार असेल तर एका तारेने ते सरळ पेटीच्या गिटारच्या वाटेला जोडावे. ही तार पाचसहा मीटरांहून लांब नसावी. लांबली की तिच्यात घरघर शिरते. वाद्य पेटीपासून फार दूर असेल, तर मध्ये ‘डी.आय.’ नावाची छोटी डबी लागते. आपल्या खोलीत तिची गरज पडू नये. पिक-अप नसेल तर डायनॅमिक माईक गिटारपासून वीतभर अंतरावर ठेवावा. तो भोकाच्या तोंडाशी न धरता, जेथे मान अंगाला मिळते त्या बाजूला रोखावा. भोकासमोर धरला की नुसता ‘ढम्ढम्’ आवाज येतो.

त्या भोकाविषयी आणखी सांगावयास हवे. मिरजेचे तंबोरे प्रसिद्ध आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा पोकळ असतो म्हणून तार छेडली की तो भरून बोलतो. गिटारचे पोट त्याच कामाचे. पण पोकळ पोट जसे आवाज देते तसा घेतेही. समोरच्या स्पीकरचा आवाज त्यात शिरतो, पोट थरथरते, ती थरथर पिक-अप टिपतो, स्पीकर ती मोठी करतो आणि पुन्हा पोटात पाठवतो. असे फेरे वाढत जाऊन मोठा हुंकार सुरू होतो. भोक झाकणारी रबराची चकती वाद्यांच्या दुकानात मिळते. ती लावली आणि खर्जाचे बटण थोडे उतरवले, की हा हुंकार बहुतेक वेळा थांबतो.

माईक शिट्टी का मारतो

माईकचेही तसेच होते. माईकने स्पीकरचा आवाज ऐकला की शिट्टी सुरू होते. शिट्टी आली की आपल्याकडे माईकवर हात झाकण्याची पद्धत आहे. त्याने शिट्टी वाढते, कारण झाकलेल्या माईकचा पाठीमागचा बहिरेपणा जातो आणि तो सर्व बाजूंनी ऐकू लागतो.

खरा उपाय जागेचा आहे. स्पीकर गाणाऱ्यांच्या पुढे एका बाजूस, तोंड श्रोत्यांकडे करून ठेवावा, आणि माईकची पाठ स्पीकरकडे यावी. स्पीकर जमिनीवर ठेवू नये. पुढच्या ओळीच्या पाठी आवाज खातात. तो स्टँडवर किंवा भक्कम टेबलावर, बसलेल्या माणसाच्या डोक्याहून उंच ठेवावा, म्हणजे आवाज पुढच्यांच्या डोक्यावरून मागच्या भिंतीपर्यंत जातो. तरीही शिट्टी आली तर माईक तोंडाजवळ घ्यावा आणि बटण उतरवावे. हा क्रम लक्षात ठेवला तर घाबरण्याचे काही कारण नाही.

दुकानातली परीक्षा

बर्डीवर खरेदीला जाताना गिटार बरोबर न्यावे, ते वाजवणारी मुलगी न्यावी, आणि जिला कमी ऐकू येते अशी एखादी आजीही न्यावी. दुकानदार आपले चकचकीत गाणे लावून दाखवील. ते ऐकून घ्यावे आणि मग आपली परीक्षा सुरू करावी. सर्व बटणे मध्यावर ठेवून एकीने माईकवर सावकाश म्हणावे: ताट, पाट, काठ, खाट, गाठ, घाट. दूर उभ्या असलेल्या आजीने प्रत्येक शब्द परत म्हणून दाखवावा. ताट आणि पाट यांतला फरक तार सप्तकातल्या बारीक आवाजात असतो. पेटी खर्जाने फुगलेली असेल तर तो बुडतो आणि आजीला सगळेच ‘आट’ ऐकू येते. जिच्यावर आजीचे शब्द कमी चुकतील ती पेटी आपली. मग गिटारच्या साथीवर एक भजन म्हणून पाहावे.

विकत घेण्याआधी तसाच संच एका कार्यक्रमापुरता भाड्याने मिळाला तर अवश्य आणावा. दुकानातला आवाज आणि आपल्या खोलीतला आवाज सारखा नसतो. वर्षाला आपले कार्यक्रम किती आणि प्रत्येक वेळी भाडे किती जाते, हे मंडळाच्या वहीत आहेच. दोनतीन वर्षांच्या भाड्यात संच येत असेल तर घ्यावा, नाहीतर भाड्यानेच आणावा. दुरुस्ती नागपुरातच होते का, हेही आधी विचारावे. आणि सगळे पैसे पेटीवर घालवू नयेत. चांगल्या तारा, माईकचा भक्कम स्टँड आणि स्पीकरचा स्टँड यांसाठी रक्कम राखून ठेवावी. कार्यक्रम बंद पडतो तो बहुधा एका स्वस्त तारेमुळे.

सुरक्षितता आणि शेजार

तीन पिनांचा प्लग असेल तर तिसरी पिन कापून टाकू नये. घरघर थांबावी म्हणून काही जण तसे करतात. ती पिन जमिनीला जोडलेली असते आणि तीच जीव वाचवते. गाणाऱ्या बाईचा ओठ धातूच्या माईकला लागलेला असतो हे विसरू नये. ओल्या अंगणात पेटी पाटावर ठेवावी. तारा पायवाटेवरून नेऊ नयेत. नेणे भाग पडले तर त्यांवर सतरंजी घालून कडा चिकटपट्टीने बसवाव्यात. संच सुरू करताना सर्व बटणे शून्यावर ठेवावीत, आणि बंद करतानाही तसेच.

शेजारचे बंधुभगिनी येथे बसले आहेत, म्हणून कायद्याची गोष्ट त्यांच्या समक्ष सांगते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. त्यांप्रमाणे ध्वनिवर्धक लावण्यास लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर तो लावता येत नाही. बंद सभागृहात, आतल्या आत ऐकू येण्यापुरती मुभा आहे. वस्तीच्या भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दोन माणसे जवळ बसून बोलतात तो आवाज साधारण ६० डेसिबल भरतो. म्हणजे आपले गाणे आवाराबाहेर साध्या बोलण्याएवढेही मोठे जाऊ नये, असा याचा सरळ अर्थ. भिंतीपलीकडे कोणाचा मुलगा परीक्षेचा अभ्यास करीत असेल, कोणाचे तान्हे निजले असेल, कोणी कारखान्यातली रात्रपाळी करून दिवसा डोळा लावत असेल. स्पीकरचे तोंड रस्त्याकडे न करता आपल्या श्रोत्यांकडे ठेवले, तर या सर्वांची झोपमोड टळते आणि आपल्या आजीलाही ऐकू येते. दोन्ही गोष्टी एकाच बटणाने साधतात हे आपले भाग्यच म्हणावे.

यंत्र कोणाच्या हाती

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. भाड्याचा संच येतो तेव्हा त्याच्याबरोबर एक मुलगा येतो. त्याला आपले गाणे ठाऊक नसते. त्याला आवाज मोठा हवा असतो, आपल्याला शब्द स्पष्ट हवे असतात. आपण गात राहतो, आणि आपला आवाज किती व कसा निघावा हे दुसराच कोणी ठरवीत असतो. संच आपला झाला तर मंडळातल्या निदान दोघींनी तो चालवण्यास शिकावे. एक अनुभवी आणि एक तरुण. स्वयंपाकघरातला मिक्सर, शेगडी, कुकर या सर्वांशी आपली ओळख आहे. चार बटणांच्या पेटीचे भय कशाला? एकदा आवाज मनासारखा बसला की बटणांच्या जागेवर पांढऱ्या चिकटपट्टीने खुणा कराव्यात. संच कोणी नेला, कोणी परत आणला, कोणती तार बिघडली, हे एका वहीत लिहावे. उन्हाळ्याच्या धुळीपासून वाचावा म्हणून एखाद्या भगिनीने जुन्या चादरीचा गलेफ शिवून द्यावा. तार कोपरावर आवळून गुंडाळू नये; सैल वेटोळे करून ठेवावी, म्हणजे आतून तुटत नाही.

आणि कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी दोघींपैकी एकीने मागच्या सतरंजीवर आजीबाईंच्या शेजारी जाऊन बसावे. तेथे गाण्याचा शब्द कळला, गिटारचा सूर लागला आणि आजीने कानाला हात लावला नाही, की बटण तेथेच ठेवावे. आणखी वाढवू नये.

 मंडळाची ही खरेदी सुखरूप पार पडो आणि पुढच्या वर्धापनदिनी नातीचे गिटार व आजीचे भजन एकाच बैठकीत ऐकण्याचा योग येवो, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.